बिनचूक प्रश्न

काकूंना इंग्रजीतलं एकच वाक्य हवं होतं, पण ते बिनचूक हवं होतं. कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही असं. आणि सोमवारच्या आत हवं होतं, कारण सोमवारी डॉक्टर विचारणार होते आणि डॉक्टरांना उत्तर देण्याआधी काकूंना सरांना विचारायचं होतं.

सर म्हणजे काकूंचे यजमान. सगळी गल्ली त्यांना सर म्हणे म्हणून काकूही म्हणत, आधी थट्टेने, मग सवयीने. सरांची सारी हयात शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवण्यात गेली, आणि शाळा सुटली तरी सरांची सुटका नसे. पाट्या रंगवणारा पेंटर ओला ब्रश हातात घेऊनच दारात उभा राही: सर, अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी की नंतर? नोकरीचा अर्ज करणारी पोरं येत: सर, इथे 'सिन्स' की 'फॉर'? एका दुकानदाराने पाटी रंगवून, वर टांगून, मग विचारलं होतं, तेव्हा सरांनी त्याला पुन्हा शिडी लावायला लावली होती. काकू आतल्या खोलीत मशीनवर बसलेल्या असत. लोकांच्या घरचे पडदे शिवणं हा त्यांचा धंदा. कॉमा, सेमीकोलन, अपॉस्ट्रॉफी ही नावं कानावरून जाऊन जाऊन लांबच्या नातेवाइकांसारखी झाली होती. नाव माहीत, तोंड कधी पाहिलेलं नाही. लग्नानंतर सरांनी त्यांना शिकवायचा घाट घातला होता. काकूंनी थोडे दिवस सोसलं आणि मग सांगितलं, "शाळेत काय ते मास्तर व्हा. घरात मला नुसता नवरा पुरे." सर हसले होते आणि विषय तिथेच मिटला होता.

मग सरांना अर्धांगाचा झटका आला.

दवाखान्यात त्यांनी डोळे उघडले तेव्हा काकू उशाशीच होत्या. "बरं वाटतंय का?" त्यांनी विचारलं. चुकून दुसऱ्याच्या दारात आलेल्या माणसाकडे बघावं तसे सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "व्हेअर इज माय वॉच?" काकूंना वाटलं, या माणसाला आजारातही चेष्टा सुचतेय. त्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशीही सर इंग्रजीतच बोलत होते, त्याच्या पुढच्या दिवशीही, आणि मग काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांनी समजावलं. असं क्वचित होतं, म्हणाले. जन्मापासूनची भाषा पुसली जाते आणि मागाहून शिकलेली शिल्लक राहते. घरात पाणी शिरलं की एखादी खोली कोरडी राहते ना, तसं समजा. काकूंना ते लगेच समजलं. फक्त कोरडी राहिलेली खोली नेमकी अशी निघाली, की तिच्यात काकूंनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आता बघा, सगळा संसार ज्या भाषेत झाला, भांडणं झाली, रुसवे निघाले, पोराचं नाव ठरलं, तिच्यातला 'पाणी' हा शब्दसुद्धा सरांपर्यंत पोचेना. काकू बोलत आणि सर सभ्यपणे ऐकून घेत. तो सभ्यपणा काकूंना सगळ्यात जास्त लागे. नवरा इतका सभ्य कधी नव्हता.

रडून झाल्यावर काकूंनी क्लास लावला. बेकरीच्या वरच्या मजल्यावर संध्याकाळी इंग्रजीचा क्लास भरायचा. शिकवणाऱ्या मॅडम काकूंना मुलगी शोभतील अशा वयाच्या. विद्यार्थ्यांत एक टॅक्सीवाला होता, खाली बेकरीच्या काउंटरवर उभी राहणारी मुलगी होती, आणखी काही जण होते. सगळ्यांना बढती हवी होती किंवा परदेश हवा होता. काकूंना घरात बोलायचं होतं. हे कळल्यावर कुणी हसलं नाही, उलट मॅडमनी त्यांना पंख्याखालची खुर्ची कायमची देऊन टाकली.

क्लास सुटण्याआधी शंकांची वेळ असे. एकेकाने एकेक शंका विचारायची. त्याच त्या शंका. 'अ' कुठे आणि 'द' कुठे. 'आय हॅव सीन' आणि 'आय सॉ' यात फरक काय, बघितलं तर दोन्हीकडे आहेच की. टॅक्सीवाल्याचं घोडं कायम कॉमाशी अडलेलं. "मॅडम, तुम्ही म्हणालात श्वास घेतो तिथे कॉमा द्यायचा. पण मला दमा आहे." सगळे हसले, मॅडमही हसल्या, आणि त्या दिवशी कॉमा तसाच राहिला. काकूंना आठवलं, हेच सगळं ओटीवरून ऐकू यायचं आणि आपण मशीन जोरात चालवायचो.

घरी येऊन त्या शिकलेलं वापरत. सर खिडकीपाशी आरामखुर्चीत बसलेले असत, उजवा हात मांडीवर निपचित. "यू ईट?" काकू ताट पुढे करून विचारत. सर मान हलवत. "डू यू ईट? नो. विल यू ईट? विल." आणि थांबत. काकूंनी 'विल यू ईट' म्हटलं की सरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरे. ताट तसंच राही. मग पुन्हा विचारा, पुन्हा दुरुस्ती, आणि भात गार. "यू पेन?" विचारलं तर "आर यू इन पेन," एवढं सांगून सर गप्प. दुखतंय की नाही ते गुलदस्त्यातच. प्रश्नाच्या शेवटी आवाज चढला नाही तर सर डाव्या हाताचं बोट उचलून हवेत प्रश्नचिन्ह काढत, खाली टिंबसुद्धा देत. उत्तर मात्र कधी येत नसे. काकूंना हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. बहुधा त्या आधी हसत आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसत.

हे असंच चाललं असतं तर काकूंनी निभावून नेलं असतं. बायका कशाकशाशी जमवून घेतात. पण तपासणीत निघालं, की सरांच्या मानेतली मोठी नस तुंबत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून ती साफ करता येईल. नाही केलं तर दुसरा झटका कधीही येऊ शकतो आणि तो पहिल्यासारखा सोडून देणार नाही. आणि केलं तर, त्यांचं वय आणि हृदय पाहता, टेबलावरच काही होण्याची भीती आहे. किंवा उरलेली वाचाही जाऊ शकते. "आम्ही दोन्ही बाजू सांगितल्या," डॉक्टर म्हणाले. "ठरवायचं तुम्ही. सोमवारी सांगा."

"पण मान त्यांची आहे," काकू म्हणाल्या. "त्यांना विचारल्याशिवाय मी कुणाला त्यांचा गळा कापू कशी देऊ?"

डॉक्टरांनी विचारून पाहिलंच होतं. मानेचं चित्र काढून दाखवलं तर सर म्हणाले, "नेक. एन, ई, सी, के," आणि डॉक्टरांनी पुन्हा म्हणावं म्हणून वाट पाहत राहिले.

मुलगा रजा काढून आला. तो लांबच्या शहरात नोकरीला, आणि तोवर फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता. आता समोर आल्यावर बापाकडे बघून त्याच्या सूचना संपल्या. त्याचं इंग्रजी फाडफाड. त्याने बापाच्या पायाशी बसून सावकाश विचारलं, ऑपरेशन हवंय का? "यस," सर म्हणाले. मग त्याने उलटं विचारलं, ऑपरेशन नको ना? "यस, यस. सर्टनली," सर म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"आई, त्यांना प्रश्न कळतच नाहीये," मुलगा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला. "आपणच ठरवू."

"तुझा कळत नसेल," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुझ्याशी ते पाहुण्याशी बोलतात तसं बोलतात. हो ला हो. माझ्याशी तसं नाही. माझं प्रत्येक वाक्य ते दुरुस्त करतात. अरे, चूक काढायची तर आधी ऐकावं लागतं की नाही? ते माझं ऐकतात. आता चूक दिसली की बिचाऱ्यांचं मन तिथेच अडकतं, त्याला ते तरी काय करणार? जन्माची सवय. मी बिनचूक विचारलं की अडकायला काही राहणारच नाही. मग उत्तर देतील."

मुलाला बोलायचं होतं, पण त्याच्या लक्षात आलं, की बाबांना झटका आल्यापासून आईला पहिल्यांदाच काहीतरी करता येण्यासारखं सापडलं आहे. तो म्हणाला, "वाक्य मी तयार करून देऊ?"

"नको. तुझं वाक्य तुझ्यासारखं येईल. माझं मी करते."

त्या संध्याकाळी शंकांच्या वेळी काकूंनी हात वर केला. एरवी त्या शेवटी विचारत. "मॅडम, ऐकणाऱ्याला एकही चूक काढता येणार नाही असं वाक्य कसं करायचं?" आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, मानेची नस, सोमवार, सगळं. टॅक्सीवाल्याने आपली वही मिटली. त्या दिवशी दुसऱ्या कुणाची शंका नव्हती.

मॅडमनी फळ्यावर वाक्य लिहिलं. 'डू यू वॉन्ट ॲन ऑपरेशन ऑर नॉट?' काकूंनी मान हलवली. 'ऑर नॉट' सरांना चालणार नाही, ते त्यांना उद्धट वाटतं, पोरांना त्यावरून रागावायचे. मॅडमनी पुसलं, पुन्हा लिहिलं. 'डू यू वॉन्ट द ऑपरेशन, ऑर डू यू वॉन्ट टू स्टे ॲज यू आर?' इथे 'द' की 'ॲन'? बेकरीवाली म्हणाली, कुठलं ऑपरेशन ते सरांना माहीत असेल तर 'द', नसेल तर 'ॲन'. "माहीत आहे का त्यांना?" मॅडमनी विचारलं. काकूंना ते सांगता येईना. मग काकू म्हणाल्या, "माहीत आहे असं धरू या," आणि 'द' राहिला.

'ऑर'च्या आधी कॉमा द्यावा की देऊ नये, यावर मॅडमनाच शंका आली. त्यांनी कपाटातली दोन पुस्तकं काढली. एकात होतं द्या, दुसऱ्यात होतं दिला नाही तरी चालतं. "काकू, दोन्ही चालेल," त्या म्हणाल्या.

"दोन्ही चालेल हे सरांना चालत नाही," काकू म्हणाल्या. मॅडम बिचाऱ्या खाली बघायला लागल्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या स्वतः असल्याच एका क्लासात शिकून इथवर आल्या होत्या.

"मी सांगू?" टॅक्सीवाला म्हणाला. "तिथे थांबा. मोठ्याने बोलताना थोडं थांबलं की झाला कॉमा. त्यांना ऐकूच जायचंय ना?" आणि आपण आज बरोबर बोललो की काय, अशा भीतीने तो मॅडमकडे बघू लागला. मॅडम म्हणाल्या, बरोबर. शिवाय अर्ध्या वाक्याला आवाज वर न्यायचा आणि शेवटी खाली आणायचा, कारण दोनांतलं एक निवडायचं आहे. काकूंनी म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं. टॅक्सीवाला हाताची घडी घालून सर झाला आणि प्रत्येक वेळी तोंड वाकडं करत राहिला, शेवटी एकदा त्याचं तोंड सरळ राहिलं. वेळ कधीच संपली होती. खाली बेकरीचं शटर ओढून घेतलं गेलं तेव्हा कुठे सगळे उठले.

पुढचे दिवस काकू मशीनवर बसून तेच वाक्य घोकत राहिल्या. कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचे पडदे होते, लांबच लांब शिलाई, त्यामुळे वाक्य एका दमात पुरं व्हायचं. एकदा चुकून 'स्टे'च्या जागी दुसरंच काही आलं आणि त्यांनी उसवायला कात्री घेतली, शिलाई सरळ असूनही. भीती वाक्याची नव्हती. सर 'नको' म्हणाले तर? आपण ऐकू? आणि 'हवं' म्हणाले तर आपण स्वतःच्या हाताने त्यांना आत पाठवू? कुणाला सांगितलं नाही त्यांनी, पण मनाशी ठरवून टाकलं होतं: म्हणतील ते करायचं. आपल्यावर नको. या एका गोष्टीचं ओझं तरी आपल्यावर नको.

रविवारी सकाळी त्यांनी सरांना आंघोळ घातली. केस विंचरले, शाळेत जाताना घालत तसा पांढरा शर्ट घातला, चष्मा पुसून दिला. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. काकू सरांसमोर बसल्या आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"डू यू वॉन्ट द ऑपरेशन," त्या म्हणाल्या, आवाज वर नेला, थांबल्या, "ऑर डू यू वॉन्ट टू स्टे ॲज यू आर?"

सरांचं बोट उचललं गेलं नाही.

सर त्यांच्याकडे बघत होते. ओठ हलत होते, बिनआवाजाचे. काकूंना दिसलं, की ते त्यांचंच वाक्य आहे, शब्दामागून शब्द, सर ते आत नेऊन बघताहेत. इतकं लक्ष देऊन सरांनी त्यांच्याकडे आजारपणाच्या आधीही क्वचितच पाहिलं असेल. मुलगा चौकटीपासून सरळ झाला.

मग सरांचा चेहरा उजळला. अर्धाच उजळला, कारण दुसरी बाजू हलत नव्हती, पण जेवढा उजळला तेवढा पुरता.

"एक्सलंट," सर म्हणाले.

काकू थांबल्या. पुढे येईल, आता पुढे येईल.

"एक्सलंट," सर पुन्हा म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे, खरंच भरून आले होते. त्यांनी डावा हात पुढे करून काकूंचा हात धरला, खोलीभर नजर फिरवली, कपाटावर, पलंगावर, दारातल्या मुलावर, आणि म्हणाले, "लिसन टू हर. एव्हरीबडी. लिसन."

"अहो," काकू म्हणाल्या. "सांगा ना. हवं की नको?" ते त्यांच्या तोंडून आपल्याच भाषेत निघून गेलं आणि सरांच्या चेहऱ्यावर पुन्हा तो सभ्यपणा आला. काकू घाईघाईने परत वाक्यावर आल्या. सबंध म्हटलं, एकही अक्षर न चुकता, पहिल्याहून चांगलं. सरांनी मान डोलावली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा आवाज फुटला, तरी वाक्य बरोबरच आलं. सरांनी त्यांचा हात हलकेच सोडला.

"सिट डाऊन," ते मायेने म्हणाले. "नेक्स्ट."

काकू बसल्या. दुसरं काय करणार होत्या? खिडकीतून कुणाच्या तरी घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता. सर पुढच्या विद्यार्थ्याची वाट पाहत दाराकडे बघत होते आणि दारात मुलगा उभा होता, तो हातांनी तोंड झाकून आत निघून गेला.

संध्याकाळी काकूंनी सरांना भरवलं, काहीही न विचारता, घास पुढे केला आणि सरांनी तोंड उघडलं. इतकं सोपं होतं ते. त्यांना स्वतःचा राग आला, इतके दिवस भात गार करत बसल्याचा, आणि मग राग कुठे ठेवायचा तेही कळेना. नंतर त्या बराच वेळ सरांच्या मानेकडे बघत बसल्या. नस कुठली ते बाहेरून काही दिसत नाही. नेहमीची मान होती, कॉलरच्या वर दाढीचे पांढरे खुंट राहिलेले.

सोमवारी डॉक्टरांच्या खोलीत सर चाकांच्या खुर्चीत होते, मुलगा मागे उभा, काकू शेजारच्या स्टुलावर. डॉक्टर चांगला माणूस होता. त्यांनी आधी सरांशी हात मिळवला, मग काकूंकडे वळून विचारलं, "काय ठरलं?"

"करा," काकू म्हणाल्या.

हा शब्द कधी ठरला ते त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. रात्रभर त्या 'नको'वर होत्या.

डॉक्टरांनी मान डोलावली. मग जरा पुढे वाकून म्हणाले, "गेल्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, त्यांना विचारल्याशिवाय नाही. म्हणून विचारतो. हे त्यांचं म्हणणं आहे, की तुमचं?"

काकूंनी तोंड उघडलं. आपल्याच भाषेतला प्रश्न होता आणि उत्तरही एका शब्दाचं होतं. त्यांनी सरांकडे पाहिलं. सर डॉक्टरांच्या टेबलावरची पाटी वाचण्यात गुंतले होते. शब्द काही बाहेर येईना, हाही नाही आणि तोही नाही.

"बाबांचं," मागून मुलगा म्हणाला. "मी तिथेच होतो. बाबा स्वतः म्हणाले."

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त हात मागे नेऊन त्याची बाही घट्ट धरली, आणि डॉक्टर तारीख सांगत होते तोवर धरूनच ठेवली.